जॅकेटचं काम कुठवर आलं: बजेटमधलं टेक्सटाईल, मुक्काम सातारा

मंडळी, हेल्मेट आणि ग्लोव्हजचं मागं लिहून झालंय, आता जॅकेट. बजेट आठ हजारांच्या आत, गाडी १६० सीसी, आणि चालवणं म्हणजे रोजचं पोवई नाक्यावरचं ट्रॅफिक, सुट्टीला यवतेश्वर-कास नाहीतर पसरणी घाट, कधी ठोसेघर-चाळकेवाडी आणि कधी एकदम उलट्या बाजूला दहिवडी-म्हसवड. लेदर यादीत घेतलंच नाही, कारण आपला एकच जिल्हा पण हवामान दोन टोकांचं, महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि दहिवडी-म्हसवडकडच्या माण तालुक्यात ५०० च्या आसपास, वर मे महिन्यात तिकडं पारा चाळिशीच्या पुढं. लेदर पावसात भिजवून चालत नाही आणि त्या उन्हात घालवत नाही. म्हणून टेक्सटाईल, म्हणजे कापडी.

दुकानात गेलं की पहिलं सांगतात आर्मर, म्हणजे खांदा-कोपर-पाठीला मार सोसायला आत बसवलेलं पॅड, किती भारी आहे ते. आर्मर बघायचंच, पण त्याच्या आधी फिटिंग बघा, कारण पडताना आर्मर कोपरावरनं सरकून दंडाच्या मागं गेलं तर ते लेव्हल १ होतं का त्याच्या वरचं लेव्हल २ (हे पुढं सांगतो) याला काही अर्थ उरत नाही. आपल्याकडं कपडा जरा ढगळ घ्यायची सवय आहे, आत स्वेटर मावला पाहिजे म्हणून. जॅकेटला हे अजिबात लागू नाही. अंगाला चापून बसलं पाहिजे, श्वास घेताना आवळलं नाही म्हणजे झालं.

मी कसं तपासतो ते सांगतो. छातीचं माप काखेच्या खालनं टेप फिरवून, पातळ टी-शर्टवर घ्यायचं आणि साईज चार्ट बघताना ते माप अंगाचं दिलंय का जॅकेटचं हे नीट वाचायचं, दोन्ही प्रकारचे चार्ट असतात आणि तिथंच गल्लत होते. मग जॅकेट घालून सगळ्या चेन, पट्ट्या लावायच्या आणि गाडीवर बसून हँडल धरायचं. उभं राहून आरशात बघण्यात काही नाही, उभ्यानं बाही मनगटाच्या खाली आलेली दिसते, पण हात पुढं गेले की तीच दोन-अडीच इंच मागं सरकते आणि ग्लोव्हज आणि बाहीच्या मध्ये कातडी उघडी पडते. पाठीमागनं पण तसंच, वाकल्यावर कमर उघडी पडायला नको. त्या अवस्थेत बरोबरच्या माणसाला कोपराचं आर्मर बाहेरनं मुठीत धरून हाताभोवती फिरवायला सांगा. जरासं हललं तर ठीक, पण कोपराचं टोक आर्मरच्या वाटीतनं बाहेर आलं तर जॅकेट परत खुंटीला. खांद्याला पण हेच.

इथं दंडावरच्या आणि हातावरच्या पट्ट्यांचं महत्त्व लक्षात येतं. लय स्वस्त जॅकेटला फक्त मनगटाला वेल्क्रो असतं, वरची बाही सगळी मोकळी. दंडाला एक आणि कोपराच्या खाली एक अशा दोन पट्ट्या असतील तर बारीक हाताच्या माणसालाही आर्मर जागेवर बसवता येतं. काहींच्या आत कोपराचा खिसा वेल्क्रोवर वरखाली करता येतो, ती सोय असेल तर मी त्याला जास्त मार्क देतो. हायवेला अजून एक फरक कळतो, सैल जॅकेट ८० च्या पुढं वाऱ्यानं फुगतं, फडफडतं आणि खंबाटकी येईपर्यंत मान-खांदे अवघडून जातात.

माझी बहीण आता स्कूटर सोडून बाईक चालवायला लागलीय, तिच्यासाठी पण बघत होतो. दुकानदार म्हणाला जेन्ट्स स्मॉल घ्या ताई, बसतंय की. छातीला बसलं, पण बाही लांब असल्यानं कोपराचं आर्मर चांगलं चार बोटं खाली. ताई मंडळींनी लेडीज कट मिळेपर्यंत थांबा, खरंच सांगतो.

आता आर्मर. त्याच्यावर मोटरसायकलवाल्याचं छोटं चित्र आणि ईएन १६२१-१ हा युरोपियन मानकाचा नंबर छापलेला असतो, तो हातापायाच्या सांध्यांच्या आर्मरचा. पाठीचा नंबर ईएन १६२१-२. टेस्टमध्ये ५ किलोचं वजन साधारण मीटरभर उंचीवरनं पाडतात, म्हणजे ५० ज्युलचा मार, आणि आर्मरच्या खाली किती जोर पोचला ते मोजतात. खांदा-कोपराला लेव्हल १ म्हणजे सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत, लेव्हल २ म्हणजे २० पर्यंत. पाठीला लेव्हल १ ला १८ आणि लेव्हल २ ला ९. आकडा जितका कमी तितका अंगाला मार कमी. ए आणि बी ही अक्षरं पण असतात, त्यात बी म्हणजे जास्त भाग झाकणारं, मोठ्या हाडापेराच्या माणसानं तेच बघावं.

आणि माणदेशात फिरणाऱ्यांनी टी प्लसची खूण नक्की शोधा. मऊ, अंगाच्या गरमीनं आकार घेणारी जी आर्मर असतात ती उन्हात अजून मऊ पडतात, तर टी प्लस म्हणजे ते ४० डिग्रीला ठेवून पण टेस्ट केलंय. टी मायनस ही खूण उणे १० साठी, ती आपल्याला साताऱ्यात काय कामाची नाही.

पाठीच्या खिशात हात घाला. बजेट जॅकेटमध्ये तिथं नुसता फोमचा तुकडा असतो, त्याच्यावर नंबर नाही, खूण नाही, काही नाही. तो फक्त खिसा भरायला आहे, त्याला पाठीचं प्रोटेक्शन म्हणून जमेत धरू नका. एका दुकानात आर्मर बाहेर काढून बघू देत नव्हते, म्हणे आतलं अस्तर खराब होतं. मी तिथनं निघालो. जी गोष्ट आपल्या मणक्यासाठी घेतोय ती बघायची पण नाही म्हणजे काय!

अजून एक, टॅगवर सीई ही युरोपातली सर्टिफिकेटची खूण आहे म्हणून सगळं जॅकेट सर्टिफाईड असं होत नाही, बऱ्याचदा ते फक्त आतल्या आर्मरचं असतं. अख्ख्या जॅकेटचा नंबर वेगळा, ईएन १७०९२, आणि त्यात वर्ग आहेत, ट्रिपल ए सगळ्यात वरचा, मग डबल ए, मग ए. कापड घासण्याची, फाटण्याची आणि शिवण उसवण्याची टेस्ट त्यात येते. खांदा-कोपरासारख्या जागी ट्रिपल एला १२० किमी वेगाच्या घसरण्याइतकं घासतात, डबल एला ७०, एला ४५. जॅकेटचा बी वर्ग म्हणजे कापडाची टेस्ट ए वर्गाएवढीच पण आर्मर नाही. हेल्मेटला आपल्याकडं आयएसआय सक्तीचं आहे, जॅकेटला तसं काही नाही, त्यामुळं लेबल वाचायचं काम आपल्यालाच करावं लागतं. माझ्या बजेटमध्ये ए मिळालं तरी मी खूश होतो, बिनवर्गाचं घेण्यापेक्षा लाखपटीनं बरं.

कापडाचं थोडक्यात. ६००डी, ५००डी हे डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, ताकदीचा आकडा नव्हे. ५००डी कॉर्ड्युरा नायलॉन साध्या ६००डी पॉलिस्टरपेक्षा घासायला जास्त टिकतं. मेश जॅकेटमध्ये जाळी छाती-पाठीला चालेल, पण खांदा आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला जाड कापड पाहिजे, आणि शिवण दुहेरी-तिहेरी आहे का ते आतनं उलटं करून बघा. कापड टिकलं आणि शिवण उसवली तर जॅकेट उघडंच पडतं.

पावसाचं माझं मत ठाम आहे, आतला रेन लायनर, म्हणजे जॅकेटच्या आतनं लावायचं पाणी अडवणारं अस्तर, आपल्या कासच्या पावसाला कामाचा नाही. बाहेरचं कापड पाणी पितं, जड होतं, वाऱ्यानं गार पडतं, आपण आत कोरडे पण थंडीनं काकडलेले. शिवाय पाऊस आला की रस्त्याकडेला थांबून जॅकेट काढायचं, लायनर लावायचा, तोवर चिंब. त्यापेक्षा मेश जॅकेट आणि वरनं घालायचा वेगळा रेनकोट, जॅकेटवरनं जाईल असा एक साईज मोठा.

रायनॉक्स, सोलेस, वायाटेरा, रायडा, रॉयल एनफिल्ड असे बरेच पर्याय बघितले. कुठलं घेतलं ते मुद्दाम लिहीत नाही, कारण लोक फिटिंग न बघता नावावर ऑर्डर टाकतात आणि माझ्या अंगाला बसलेला कट तुमच्या अंगाला बसेलच असं नाही. प्रकार सांगतो: पुढं-मागं मेश, खांदा-कोपराला जाड नायलॉन, दंडाला आणि कोपराखाली पट्ट्या, ए वर्ग, खांद्याला आणि कोपराला लेव्हल २. रंग फिकट राखाडी, काळा उन्हात तापतो. पाठीला आणि दंडाला रिफ्लेक्टर चांगला मोठा आहे, तो मला हवाच होता, कारण ऊसतोडीच्या दिवसांत संध्याकाळी कोरेगाव-रहिमतपूरकडनं येताना ट्रॉल्यांच्या गर्दीत आपण मागच्या गाडीला दिसलो पाहिजे.

पाठीचा फोम काढून टाकला. खिशात वर्तमानपत्र घालून त्याचा खाका कापला आणि तो धरून लेव्हल २ ची पाठ मागवली, दोन हजारांच्या आसपास गेले, सगळं मिळून बजेटच्या जरा वर पण जमलं. खिशात घट्ट बसलीय, वाकल्यावर कमरेला टोचत नाही. आर्मरला कडेनं कात्री लावून बसवू नका कोणी, टेस्ट अख्ख्या तुकड्याची झालेली असते. धुताना आर्मर सगळं काढून, हातानं, साध्या पावडरीत, सावलीत वाळवून, कम्फर्ट वगैरे काही न घालता.

पुढचं काम पँटचं. जॅकेटला मागं कमरेला जोडायची छोटी चेन आहे, ती दुसऱ्या कंपनीच्या पँटला जुळत नाही असं दिसतंय. कराड-सांगलीकडं कुणी चांगल्या टेलरकडनं पँटला तशी जोडचेन लावून घेतली असेल तर कुठली चेन वापरली आणि शिवण कशी मारली ते फोटोसकट टाका, मी त्याच्यावरच थांबलोय.