जावळी: चंद्रगड ते आर्थर सीट, चार तासांची वाट साडेआठ तासांत

"गडावरून उतरलात की आर्थर सीट चार तास" असं फोनवर सांगणारा माणूस त्या वाटेने एकदा तरी चढलाय का, मला दाट शंका आहे. जानेवारीतला शनिवार, आम्ही तिघं, सकाळी सहाला गडाखालच्या ढवळे गावातून निघालो, नऊला चंद्रगड उरकून खाली खिंडीत आणि महाबळेश्वरच्या आर्थर सीट पॉइंटच्या रेलिंगला हात लागला तेव्हा साडेपाच!

गडाला सगळे उगाच घाबरवतात. शेवटच्या कातळात पावठ्या (खोदलेल्या पायऱ्या) आहेत, सवय असेल तर काही नाही. वर उघड्यावर महादेवाची पिंड, पाण्याची टाकी, थोडी जोती, संपलं. जावळीच्या मोऱ्यांचा गड म्हणून बुरूज-दरवाजे बघायला जाणार असाल तर नका जाऊ.

खरी वाट लागते ती खिंडीपासून बहिरीच्या घुमटीपर्यंत (वाटेवरचं छोटं देवस्थान). आधी दगडगोट्यांचा ओढा, मग गच्च रान, वरचं काही दिसत नाही आणि ढोरवाटा इतक्या फुटतात की आम्ही एका कोरड्या नाळेत (घळीत) शिरून तासभर चढलो आणि पुढे सरळ कडा, परत खाली. तिथे बसून मोऱ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण त्यांची मस्ती कुठून आली तेही तिथेच कळलं. आदिलशाहीचे जहागीरदार, गादीवर बसेल तो चंद्रराव (त्यामुळे वाचताना हा कुठला चंद्रराव हा घोळ कायमचा), आणि "येता जावळी जाता गोवळी" ही त्यांच्या तोंडची धमकी मला आजवर फुशारकी वाटायची. आता नाही वाटत. महाराजांनी 1656 च्या जानेवारीत हे रान घेतलं कसं देव जाणे. चंद्रराव पळून रायरीवर गेला, तीही गेली, तोच पुढे रायगड झाला.

पाणी माणशी चार लिटर घ्याच, आम्ही अडीच नेलं आणि दुपारी दोनला जोरच्या पाण्यापाशी, म्हणजे वाटेवरच्या पाणवठ्यापाशी, अक्षरशः पालथे पडून प्यायलो. जीपीएस ट्रॅक हवाच पण त्यावर विसंबू नका, दरीत तो भरकटतो. गावातला वाटाड्या घ्या, आम्ही पैसे वाचवले आणि दिवस घालवला. पावसाळ्यात तर विषयच नको.

वर मक्याची कणसं खाणारे लोक आमच्याकडे भुतं बघितल्यासारखे बघत होते. आणि मग टॅक्सी. महाबळेश्वर जेमतेम 12-13 किलोमीटर, मागितले अडीच हजार! पाय हलत नव्हते, घासाघीस करून अठराशे दिले, अजून जळजळ होतेय. गाडी ढवळ्यात ठेवली असेल तर परतीचं सकाळीच ठरवून ठेवा नाहीतर सरळ एसटीने या-जा, पोलादपूरहून.

रविवारी प्रतापगड केला, छान झाला, गर्दी होती. तिथे जायला वेगळं काही सांगायची गरज नाही. ढवळ्याला मात्र सहाच्या आत चालायला लागा आणि टॉर्च प्रत्येकाकडे स्वतःचा, मोबाईलचा नव्हे.