कूसीच्या सरदारांचे कागद आणि माझे सात आठवडे
गेल्या वर्षी एका रविवारी पॅरिसहून कूसी-ल-शातोला गेलो होतो. लाँ आणि सोआसाँच्या मधे, डोंगरावर जुन्या तटबंदीत बसलेलं गाव, वस्ती हजाराच्या आसपास. इथल्या सरदारांचं ब्रीद होतं, ‘मी राजा नाही, राजपुत्र नाही, ड्यूक नाही, काउंटही नाही, मी कूसीचा धनी.’ तिसऱ्या आंगेराँने तेराव्या शतकात बांधलेला ५४ मीटर उंच बुरूज मार्च १९१७ मधे जर्मन सैन्याने माघार घेताना २८ टन स्फोटकं लावून उडवला, आता तिथे दगडांचा ढिगारा आहे. त्यातल्या एका दगडावर हात ठेवून ठरवलं की या जहागिरीचे कागद बघायचेच.

दप्तरखान्यात वाचकाचं कार्ड पासपोर्ट दाखवून लगेच मिळालं. अडलं ते ‘कोत’पाशी. कोत म्हणजे गठ्ठ्याचा नंबर, तो दिल्याशिवाय कुणी काही काढून देत नाही. ज्या दप्तरखान्यात मी विचारत होतो (नाव घेत नाही) तिथून पहिल्या मेलला दोन आठवड्यांनी उत्तर आलं, कोत कळवा. मी लिहिलं, कोतच तर शोधतोय. परत दोन आठवडे. मग उत्तर, सूची इथे येऊन बघावी लागेल. सुट्टी टाकून गेलो तर त्या दिवशी वाचनकक्ष दुपारनंतर उघडणार होता, वेबसाइटवर एक अक्षर नाही! आत गेल्यावर सूचीत कूसीच्या नावाने चारच नोंदी, त्याही चर्चच्या. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, क्रांतीत जळले असतील. जुलै १७९३ मधे सरंजामी दस्तऐवज जाळायचा कायदा झाला होता हे खरं, पण म्हणून शोधायचंच नाही का? परतीच्या ट्रेनमधे मी रागाने नुसता धुमसत होतो.

शेवटी उत्तर इतिहासातच सापडलं, आणि तुम्ही असं काही शोधणार असाल तर हे आधी करा, गाव कुठल्या जिल्ह्यात येतं ते नंतर बघा, आधी धनी कोण कोण झाले ते लिहून काढा. सातवा आंगेराँ १३९६ ला निकोपोलिसच्या लढाईत तुर्कांच्या हाती लागला आणि पुढच्या वर्षी बुर्साला कैदेतच वारला, मुलगा नव्हता. मुलगी मारीने १४०० मधे जहागीर राजाच्या भावाला, लुई द ऑर्लेआँला विकली. त्याचा नातू १४९८ ला बारावा लुई म्हणून गादीवर बसला. पुढे १६७२ मधे चौदाव्या लुईने कूसी आपल्या भावाला दिली, म्हणजे परत ऑर्लेआँ घराणं. मग कागदही त्या घराण्याबरोबरच जाणार ना! पॅरिसच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात ऑर्लेआँचे कागद आर-४ या मालिकेत आहेत, माझ्या घरापासून मेट्रोने वीस मिनिटं. हे एक वाक्य कुणी पहिल्या मेलमधेच लिहिलं असतं तर माझे सात आठवडे वाचले असते.

मागणी आधीच ऑनलाइन नोंदवा, ऐन वेळी गेलात तर दिवस फुकट जातो. अक्षराला घाबरू नका, आजोबांकडून मोडी शिकलो होतो ते इथे कामी आलं, लिपी वेगळी असली तरी जोडाक्षर डोळ्याने सोडवायची सवय तीच. प्रत्येक नोंद ‘इतेम’ (म्हणजे ‘तसेच’) या शब्दाने सुरू होते, खाली शेताचं नाव, कुणाच्या बांधाला लागून, खंडात किती धान्य आणि किती कोंबडे. पहिला ‘इतेम’ वाचता आला तेव्हा मी चक्क उठून उभा राहिलो, शेजारच्या आजोबांनी हसून मान डोलावली.

हो, आणि पेन्सिल न्या, पेन आत नेऊ देत नाहीत.