पावसाळी कॅम्पिंग लॉग: कोंढाळीचं वावर आणि अर्धवट सुकलेला चिखल

मागच्या पावसाळ्यानंतर सामानात बरेच बदल केले होते. गच्चीवर पाइपाने पाणी मारून ते तपासूनही झाले, पण पाइपाच्या पाण्याला वारा नसतो. म्हणून पोळ्याआधीचा एक शनिवार-रविवार पकडला. चार गाड्या: हिमालयन ४११, एक्सपल्स २००, स्प्लेंडर आणि माझी जुनी युनिकॉर्न. माणसांची नावं लिहीत नाही, गाडीवरूनच ओळखा. तसंही आमच्यात कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही.

मुक्काम स्प्लेंडरच्या मामाजींच्या वावरात, म्हणजे शेतात, नागपूरजवळच्या कोंढाळी ते काटोल ह्या पट्ट्यात. जंगलाचा विचार आधीच बाद केला होता. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पांचं गाभाक्षेत्र पर्यटनाला बंद असतं, आणि बाकी जंगलातही परवानगीशिवाय रात्र काढायची नसते. शिवाय कास्तकाराच्या वावरात विहीर असते, गोठा असतो, आणि रात्री फारच वाईट वेळ आली तर पंपाची पक्की खोली असते.

जायचं की नाही, ह्याचा आमचा नियम साधा आहे. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा इशारा पिवळा असेल तर निघायचं, नारिंगी असेल तर घरी बसून साखळी धुवायची. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून रातोरात नागपूर शहरात पाणी घुसलं, तेव्हापासून ह्या नियमावर कोणी वाद घालत नाही. आपल्याकडचा मोठा पाऊस बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या क्षेत्राबरोबर येतो, त्यामुळे दोन-तीन दिवस आधी अंदाज बांधता येतो. ह्या वेळी पिवळा होता. निघालो.

सामान

सगळ्यात मोठा बदल पिशव्यांचा. वॉटरप्रूफ म्हणून मिळणाऱ्या सॅडलबॅग शिवणीतून पाणी घेतात, हे ज्याने भर पावसात शंभर किलोमीटर गाडी चालवली त्याला सांगायला नको. बाहेरून कव्हर घातलं तर ते वाऱ्याने फुगतं आणि खालून उडालेलं पाणी आत साठवून ठेवतं. म्हणून आता पाणी बाहेर अडवायचा नादच सोडला. सॅडलबॅग खुशाल भिजू दे, आतली पिशवी कोरडी राहिली म्हणजे झालं. त्यासाठी खताच्या पोत्यातलं जाड प्लास्टिकचं अस्तर स्वच्छ धुऊन, दोन दिवस उन्हात घालून वापरलं. तोंड पिळायचं, दुमडायचं आणि सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्याने बांधायचं. स्लीपिंग बॅग, रात्रीचे कपडे आणि काडेपेटी अशा तीन वेगळ्या पिशव्या. एक थेंब गेला नाही. एक्सपल्सवाल्याने महागाची रोलटॉप ड्रायबॅग आणली होती, तीही कोरडीच राहिली. मग हिशेब काय तो त्याने करावा.

दुसरा बदल ताडपत्रीचा. तंबूच्या डोक्यावर आधी ताडपत्री, मगच तंबू. इतवारीतून १२ बाय १५ फुटांची घेतली, कास्तकार कापूस झाकायला घेतात तीच. हलकी मिळते, पण ती पहिल्याच वाऱ्यात कडीपाशी फाटते, त्यामुळे घेताना जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये) विचारा आणि दोनशेच्या खाली जाऊ नका. वजन वाढतं हे खरं, पण पाठीवर थोडंच न्यायचं आहे, गाडीवरच न्यायचं आहे.

दोरीवर थोडं जास्त लिहितो, कारण ह्यावर फारसं कोणी बोलत नाही. नायलॉनची दोरी भिजली की ताणते. संध्याकाळी तुम्ही ताडपत्री चांगली तंग बांधता, रात्री तिला पोट सुटतं, त्यात पाणी साचतं आणि पहाटे ते सगळं एकदम अंगावर येतं. सुतळीचं उलट आहे, ती भिजली की आखडते आणि कडी उपटते. ह्या वेळी पॉलिएस्टरची दोरी वापरली, रात्रभर जवळपास जशीच्या तशी राहिली. झाडाला बांधलेल्या दोरीवरून पाणी ओघळत ताडपत्रीखाली येतं, ते थांबवायला ताडपत्रीच्या थोडं आधी दोरीला कापडाची चिंधी गुंडाळली. पाणी चिंधीपर्यंत येतं आणि तिथेच टपकतं.

शनिवार

नागपूर ते कोंढाळी हे पन्नासेक किलोमीटर अमरावती रोडने. वाडी, गोंडखैरी, सातनवरी, बाजारगाव. रस्ता चांगला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. वाडीत तर्री-पोहे झाले आणि तिथून पाऊस जो सुरू झाला तो थांबलाच नाही. ट्रकच्या मागे राहू नका, एवढंच. त्यांच्या चाकांचं पाणी पावसापेक्षा जास्त आंधळं करतं. हेल्मेटच्या काचेच्या आतल्या बाजूला भांड्याच्या साबणाचा पातळ हात फिरवला होता, वाफ धरली नाही. माझ्या युनिकॉर्नने मागच्या वर्षी पावसात झटके दिले होते, स्पार्क प्लगच्या कॅपमध्ये पाणी जायचं म्हणून. ह्या वेळी कॅपवर ट्यूबचा तुकडा चढवला आणि आत थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं. एकदाही झटका नाही.

खरी गंमत डांबरी सोडल्यावर. मामाजींच्या वावरापर्यंत पांदण रस्ता आहे, एक किलोमीटरच्या आतबाहेर, पूर्ण काळी माती. पाऊस धो-धो चालू. आम्ही फाट्यावर थांबून बराच वेळ चर्चा केली, तोवर स्प्लेंडर पुढे निघूनही गेली. तिच्या मागोमाग सगळे गेलो. घसरलो, पाय टेकले, गाड्या तिरप्या झाल्या, पण एकही गाडी अडकली नाही. हिमालयनवाला फारच खूश. त्याच्या मते हे सगळं टायरमुळे आणि त्याच्या हातामुळे.

वावरात पोचल्यावर साइड स्टँडखाली सपाट दगड ठेवा, ही सूचना सगळ्यांनी ऐकली, एकाने सोडून. १९९ किलोची हिमालयन हळूहळू, अगदी सावकाश, संत्र्याच्या झाडाकडे झुकत गेली. आंबिया बहाराची हिरवी फळं लगडली होती, फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले. टेकूने गाडीला जागा दिली. चौघांनी मिळून उचलली. मामाजींनी आधी झाड पाहिलं, मग फांदी, मग टेकू, आणि शेवटी गाडी.

तंबूच्या जागेवरून माझं आणि एक्सपल्सवाल्याचं वाजलं. त्याला धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, गवतावर टाकायचा होता, फोटो छान येतात. मला गोठ्यासमोरची मुरुमाची जागा हवी होती. गवत मऊ असतं, पण खाली काळी माती असते आणि ती पाणी सोडत नाही. मुरूम टोचतो, पण पाणी पिऊन टाकतो. शेवटी त्याने गवतावर टाकला, आम्ही तिघांनी मुरुमावर. मुरुमात तंबूचे नेहमीचे खुंट वाकतात, म्हणून आठ एमएमच्या सळईचे फूटभर तुकडे करून आणले होते. धोंड्याने ठोकले, बसले.

ताडपत्री अर्धी बांधून झाली आणि वीज कडाडली. प्रकाश आणि आवाज ह्यांत तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. इथे अंतर आठ-नऊ सेकंदांचं होतं. विजेचा इशारा देणाऱ्या दामिनी ॲपवरही आमचा भाग लाल झाला होता. हातातली सळई, दोरी सगळं तिथेच टाकून पंपाच्या पक्क्या खोलीत. झाडाखाली नाही, टिनाच्या उघड्या गोठ्यातही नाही. विदर्भात दर पावसाळ्यात वावरात वीज पडून माणसं जातात, त्यामुळे ह्यात शूरपणा करायला जागाच नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबलो. तोवर मामाजी दारात बसून आमच्याकडे पाहत होते.

"काऊन रे पोट्टेहो, खोली हाय, खाटा हायेत, अन् तुम्ही भाईर पाण्यात झोपता? येडे झाले का बाप्पा?"

"मामाजी, ह्यायनं त्याच्यासाठी पैसे देल्ले," स्प्लेंडरवाला म्हणाला. मामाजींना ते आणखीनच कळलं नाही.

रात्री रोडगे. माझ्या मते पावसाळी कॅम्पसाठी ह्यापेक्षा चांगलं जेवण नाही, आणि अट एकच, गोवऱ्या कोरड्या पाहिजेत. मामींनी उन्हाळ्यातल्या गोवऱ्या गोठ्याच्या माळ्यावर रचून ठेवल्या होत्या. आम्ही गॅसची शेगडी नेली होती, ती पिशवीतून बाहेरच आली नाही. जाडसर कणकेचे रोडगे निखाऱ्यात भाजून, राख झटकून, फोडून तुपात. सोबत वांग्याची झणझणीत भाजी. हिमालयनवाल्याचं बोलणं पहिल्यांदाच थांबलं.

रात्र

झोपताना चेन पूर्ण बंद, बूट आत. पावसाळ्यात मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही. आतल्या तंबूची चेन हे त्यावरचं खरं औषध. सकाळी बूट झटकूनच घालायचे.

माझ्या तंबूच्या कापडाला ३००० एमएमचं रेटिंग आहे. म्हणजे कापडावर तीन मीटर उंचीचं पाणी उभं केलं तरी ते झिरपू नये. पहाटे चारला जागा झालो तर आतली बाजू ओली. हात फिरवून पाहिलं. शिवणीवर ओळीने ओल असेल तर गळती, आणि सगळीकडे सारखं दव असेल तर आपल्याच श्वासाची वाफ. सारखं होतं. ऑगस्टच्या हवेत ते होणारच. वरचा झरोका उघडा होताच, मग पावसाच्या विरुद्ध बाजूचं बाहेरचं दारही अर्धं उघडलं. ताडपत्री वर होती म्हणून ते जमलं, नाहीतर शिंतोडे आत आले असते. तासाभरात बराच फरक पडला. ताडपत्रीचा खरा फायदा मला हाच वाटतो: तिच्यामुळे तंबू उघडा ठेवता येतो.

धुऱ्यावरच्या तंबूतून दोनच्या सुमाराला एक आकृती स्लीपिंग बॅगसकट पंपाच्या खोलीत गेली. त्यावर अधिक लिहिणार नाही, असं वचन दिलं आहे.

रविवार

सकाळी लख्ख ऊन. आम्ही आनंदाने तंबू वाळत घातले, चहा घेतला, मामींच्या हातचे भजे खाल्ले, आरामात दहा वाजवले. सामान लादायला लागलो तर मामाजी म्हणाले, "आता निंगू नका. काल पानी चालू होता म्हनून आले तुम्ही. एक तं पान्यातच निंगा, नाहीतं माती वाळू द्या."

हे वाक्य ह्या लॉगमधलं सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून थांबून लिहितो. काळ्या मातीत पाणी पिऊन फुगणारी बारीक चिकणमाती असते. उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात त्या हिच्यामुळेच. भरपूर पाणी असलं की ती पातळ होते, चाक घसरतं, पण चिकटलेली माती धुऊन निघते. पूर्ण सुकली की दगड होते. ह्या दोन्हींच्या मध्ये, पाऊस थांबून दोन-चार तास ऊन पडलं की, ती भिजवलेल्या कणकेसारखी होते आणि जिथे लागेल तिथे बसते. आपण शहरातले लोक पाऊस थांबायची वाट पाहतो, आणि नेमके त्या वेळेला निघतो.

हिमालयनवाल्याला संध्याकाळी ड्यूटी होती, निघणं भाग. शंभर पावलांत स्प्लेंडरचं पुढचं चाक जाम. मडगार्ड आणि टायर ह्यांत बोटभर जागा, ती मातीने भरली, चाक फिरेना. काडीने खरवडा, दहा पावलं ढकला, परत खरवडा. शेवटी दहा नंबरचा पाना काढून पुढचं मडगार्डच खोललं, मग गाडी चालली. चिखल चालवणाऱ्याच्या तोंडावर. एक्सपल्सचं पुढचं मडगार्ड उंच आहे, तिला तो त्रास नाही, पण मागे साखळीत माती शिरली आणि ती कुरकुरायला लागली. हिमालयन वजनाने बसली. कालचं टायर तेच, हातही तेच.

मामाजींनी न बोलता बंडी जुंपली. सगळं सामान बंडीत, आणि आम्ही रिकाम्या गाड्या धुऱ्यावरच्या गवतावरून ढकलत. सामान उतरवल्यावर निम्मा त्रास कमी झाला, हेही नोंदवून ठेवा. बैल मात्र त्या मातीतून असे चालले की आम्हा चौघांना कोणाकडे पाहावं ते कळेना.

फाट्यावरच्या हँडपंपावर ब्रेकचे कॅलिपर आणि साखळी धुतली, डब्यातून नेलेलं ९० नंबरचं गिअर ऑइल लावलं. घरी आल्यावर डिझेलने परत साफ केली. तंबू दोन दिवस पंख्याखाली वाळवला. ओलसर गुंडाळून ठेवला तर आतलं पाणी अडवणारं पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग चिकट होऊन सुटतं, आणि त्याच्यावर मग उपाय नाही.

बाकी कामं: स्प्लेंडरच्या पुढच्या मडगार्डला वॉशर लावून ते थोडं वर घेता येतं का पाहायचं आहे. कोणी केलं असेल तर किती जागा मिळाली ते सांगा. माझ्या रेनकोटच्या पँटची शिवण बसायच्या जागी गेली आहे, ती बदलायची. हॅमॉक आणि ताडपत्री हा पर्याय हिमालयनवाल्याला करून पाहायचा आहे. वाफेचा त्रास त्यात कमी असावा, पण डासांचं काय करता, हे अनुभवी लोकांनी लिहावं.

पुढची फेरी कुठे, ह्यावर अजून भांडण चालू आहे. दोघांचं मत चिखलदरा. सव्वादोनशे किलोमीटर, अकराशे मीटरच्या वर उंची, धुकं आणि घाट, म्हणजे तपासायच्या गोष्टी वेगळ्या. स्प्लेंडरवाल्याने एकच विचारलं, "तंबूपर्यंत डांबरी हाय का बे?"