कल्हईच्या भट्टीपासून जुन्या गाड्यांपर्यंत : आमची वाटचाल

आमचे आबा मूळचे कल्हईवाले. खांद्यावर भाता टाकून गावोगाव हिंडायचे, तांब्यापितळेच्या भांड्यांना नवसागर लावून कथील फिरवायचे. घरोघरी स्टील आलं तसं गिऱ्हाईक आटलं, म्हणून कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एका रेडिएटरवाल्याकडे कामाला राहिले. रेडिएटर म्हणजे गाडीच्या इंजिनाचं तापलेलं पाणी गार करणारी जाळी. धातू ओळखीचाच होता. टाक्या आणि नळ्या पितळेच्या, नळ्यांमधली जाळी तांब्याची आणि जोड कथील-शिशाच्या डाखाचे. हात बसायला वेळ लागला नाही. सत्तरचं दशक सरता सरता त्यांनी स्वतःची पत्र्याची शेड टाकली.

आमचं वर्ष साखर कारखान्यांच्या हंगामावर चालायचं. उसाचे ट्रॅक्टर आणि ट्रक कॅनॉलचं, विहिरीचं, मिळेल ते पाणी पीत. पाझर सुटला की ड्रायव्हर रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायचे. शेजारी सांगली, हळदीला काय तोटा! पाझर तात्पुरता थांबायचा. मग आम्ही वरची टाकी उघडली की आत पिवळा चिखल.

पुढे प्लास्टिकच्या टाक्यांचे ॲल्युमिनियम रेडिएटर आले. त्यांना आमचा डाख धरत नाही. बिघडला की फेकायचा, नवा लावायचा. शेडमध्ये पाच माणसं होती, ती दोनवर आली. त्यातला एक मी.

त्याच दिवसांत एक निवृत्त शिक्षक प्रीमियर पद्मिनी घेऊन आले. कुर्ल्याच्या कारखान्यातली, फियाट ११०० च्या वंशातली १०८९ सीसीची गाडी. गरम होते म्हणाले. मी रेडिएटर उतरवला, नवा गाभा, म्हणजे नळ्या-जाळीचा भाग, घातला, तोंडं बंद करून हवा भरली, हौदात बुडवला. एक बुडबुडा नाही. पैसे घेतले, गाडी दिली. गुरुजी रत्नागिरीला जाऊन आले आणि परतीच्या चढावर, आंबा घाटात, गाडीने वाफ सोडली. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली पट्टी, गेलं. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापलं की वाकतं.

मी रेडिएटरच पुन्हा तपासायला निघालो होतो. आबा म्हणाले, "अरे, भांडं घासलंस, पण आड कुणी उपसायचा?" ब्लॉकचे डमी, म्हणजे बाजूच्या भोकांवरची पत्र्याची झाकणं, काढले तर शेवटच्या सिलिंडरभोवती गंजाचा थर इतका की स्क्रू ड्रायव्हर खुपसावा लागला. पंपापासून सगळ्यात लांबची जागा ती, गाळ तिथेच बसतो. तिथे पाणी फिरतच नव्हतं, रेडिएटर नवा असून काय उपयोग? हेडचं फेसिंग (वाकलेला पृष्ठभाग घासून सपाट करणं) आणि गॅस्केट आमच्या खर्चाने केलं. त्या महिन्यात पगार निघाला नाही.

तेव्हापासून जुन्या गाडीचा सुटा रेडिएटर आम्ही घेत नाही. गाडी आणा. यामुळे गिऱ्हाइकं गेली, आजही जातात. "फक्त एक डाख मारून द्या" म्हणणाऱ्याला मी शेजारचं दुकान दाखवतो.

गाडी आली की आधी ब्लॉकमध्ये उलट्या दिशेने पाणी सोडतो आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडत राहतो. रेडिएटरची वरची टाकी सोडवून प्रत्येक नळीतून पातळ पोलादी पट्टी फिरवतो. गाभा शाबूत असेल तर बदलत नाही. जुन्या पितळेची जाडी आजच्या बाजारी गाभ्याला सहसा नसते. वॉटर पंपाच्या पोटाला बारीक भोक असतं. तिथून थेंब गळला की सील गेलं समजायचं. काही हुशार मंडळी ते भोकच एम-सीलने बुजवतात! मग पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि पंपच बसतो.

थर्मोस्टॅटवरून माझी अजून भांडणं होतात. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ती झडप. आपल्याकडे तो काढून फेकणं हाच उपाय समजतात. पण त्यामुळे इंजिन बराच वेळ थंड राहतं, पेट्रोल नीट जळत नाही, झीज वाढते. मी तो पातेल्यात उकळून दाखवतो, तापमापक लावून. ८२ अंशांचा असेल तर त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. आमच्या सौभाग्यवतींनी त्यासाठी एक पातेलं कायमचं सोडून दिलंय.

बसवतानाही घाई नको. रेडिएटरखालच्या रबरी गाद्या नव्या हव्यात, नाहीतर खड्ड्यांचे सगळे हादरे डाखावर येतात. खालचा होज, म्हणजे रबरी पाइप, पंपाच्या ओढीने चपटा होतो, म्हणून तो हाताने दाबून बघतो. पाणी बोअरचं नाही. क्षारविरहित पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं. टोपण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं, हवा निघून पातळी बसेपर्यंत थांबायचं, मगच टोपण. तेही बरोबर दाबाचं. टोपणाच्या दर पौंड दाबामागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो, आणि घाटात तेवढंच कामाला येतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतून पद्मिनीच्या टॅक्सी गेल्या. आमच्याकडे मात्र त्या येतच आहेत, आता हौसेच्या. आता शेडमध्ये चार माणसं आहेत. मुलगा ॲल्युमिनियमचं वेल्डिंग शिकलाय, त्यामुळे नव्या गाड्यांचीही थोडी कामं निघतात. गेल्या आठवड्यात गुरुजींची गाडी पुन्हा आली होती. होज बदलले, पाणी तपासलं, आणि गुरुजी आंबा घाटानेच रत्नागिरीला गेले.