आमची वाटचाल : दहावीनंतरचे तांत्रिक शिक्षण आणि आमचे मशीन शॉप

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील आमचे मशीन शॉप नव्वदच्या दशकात दोन सेंटर लेथ (लोखंड फिरवत ठेवून कापणारी यंत्रे) आणि एका रेडियल ड्रिलवर (भोके पाडणाऱ्या यंत्रावर) सुरू झाले. बेळगावच्या फौंड्र्यांतून (ओतकामाच्या कारखान्यांतून) येणारी पंपांची आणि व्हॉल्व्हची कास्टिंग्ज (ओतीव भाग) लेथवर टर्निंग करून परत देणे एवढेच तेव्हाचे काम होते, आणि माणूस घेताना त्याचे शिक्षण विचारण्याची पद्धतच नव्हती. येळ्ळूर, मच्छे, किणये अशा जवळपासच्या गावांतला एखादा मुलगा कोणाच्या तरी ओळखीने यायचा, बराच काळ लोखंडाचा कीस झाडायचा, आणि मिस्त्रींची मर्जी बसली की लेथवर उभा राहायचा. त्या पद्धतीने तयार झालेले कारागीर आजही आमच्याकडे आहेत आणि कानाने टूल बोथट झाल्याचे ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. मात्र ज्या जॉबवर (घडवायच्या भागावर) ते शिकले त्याच जॉबवर ते पक्के असत. ड्रॉइंग बदलले की काम थांबे आणि मिस्त्रींना बोलावणे जाई.

हायड्रॉलिक्सचे ग्राहक मिळू लागले आणि संगणकावर चालणारे सीएनसी मशीन आले, तेव्हा ही अडचण पैशांत दिसू लागली. उदाहरण म्हणून 25 मिलिमीटर व्यासाचे एच7 फिटचे, म्हणजे ठरावीक काटेकोर मापाचे, बोअर (आतले गोल भोक) घेऊ. त्याची मर्यादा 25.000 ते 25.021 मिलिमीटर, म्हणजे एकूण 21 मायक्रॉनची (0.021 मिलिमीटरची) सूट. नेहमीच्या व्हर्नियरचे लघुतम माप, म्हणजे त्यावर वाचता येणारे सर्वांत लहान माप, 0.02 मिलिमीटर असते. जवळजवळ सगळी सूट मोजण्याच्या साधनाच्याच एका घरात संपत असेल, तर त्या साधनाने ते बोअर पास की नापास हे ठरवता येत नाही. तेथे भोकाचे सूक्ष्म माप घेणारे बोअर गेज किंवा एक टोक आत जाते आणि दुसरे अडते का हे दाखवणारे ‘गो–नो गो’ प्लग गेजच हवे. आयटीआयमध्ये दोन वर्षे टर्नर, मशिनिस्ट किंवा फिटर ट्रेड केलेल्या मुलाला हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण लघुतम माप आणि फिट्स-टॉलरन्स (मापातील चालणारी सूट) हे त्याच्या अभ्यासक्रमातले धडे आहेत. न शिकलेल्या हुशार मुलालाही ही गोष्ट कळते, परंतु बहुधा रिजेक्शनचा पहिला डबा परत आल्यावर कळते, आणि त्या डब्यातील कास्टिंग, मशीनचा वेळ व वाहतूक या सगळ्यांचा खर्च मालकाच्या खिशातून गेलेला असतो.

शिकलेल्या मुलाचा दुसरा फायदा सेटिंगच्या, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन लावण्याच्या, वेळेत दिसतो. कटिंग स्पीड (टूलसमोरून धातू सरकण्याचा वेग) मिनिटाला 100 मीटर ठेवायची असेल, तर 40 मिलिमीटर व्यासाच्या जॉबला मिनिटाला सुमारे 800 फेरे लागतात आणि व्यास 20 मिलिमीटरवर आला की त्याच्या दुप्पट. हे गणित ज्याला येते तो इन्सर्ट (टूलचा बदलता येणारा कापणारा तुकडा) वारंवार का तुटतो याचा विचार स्वतः करतो, ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) किती द्यायचा हे पडताळून देतो, आणि परदेशी ग्राहकाचे थर्ड अँगलमधले (बाजूंची मांडणी वेगळी असलेले) ड्रॉइंग आले तरी उजवी-डावी बाजू गोंधळत नाही. अशा मुलाला मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरवरून मशीन लावून देणारा सेटर करायला आम्हाला लागणारा काळ न शिकलेल्या मुलाच्या तुलनेत बराच कमी असतो, हा आमचा अनुभव आहे. शिवाय ग्राहकाचे ऑडिट असते. आयएसओ 9001 या गुणवत्तेच्या मानकाप्रमाणे कामगाराची क्षमता शिक्षण, प्रशिक्षण किंवा अनुभव यांच्या आधारे दाखवावी लागते. आयटीआयचे प्रमाणपत्र फाइलमध्ये लावले की त्यातला शिक्षणाचा भाग मिटतो, तर जुन्या मिस्त्रींचा अनुभव कागदावर आणताना मात्र आम्हाला घाम फुटतो.

वयाची बाब मालकांनी गांभीर्याने घ्यायला हवी. दहावी झालेला मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असतो. 1961 च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्यात शिकाऊ कामगाराचे किमान वय 14 आहे, पण धोकादायक उद्योगांसाठी ते 18 आहे. म्हणून शेजारच्या फौंड्रीचे काम कितीही अडले तरी अठराच्या आतल्या मुलांना आम्ही तिकडे पाठवत नाही आणि रात्रपाळीही देत नाही. 2016 पासूनच्या राष्ट्रीय योजनेत स्टायपेंडचा (विद्यावेतनाचा) 25 टक्के भाग, महिन्याला जास्तीत जास्त 1500 रुपये, सरकार उचलते. 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना अ‍ॅप्रेंटिस घेणे बंधनकारक आहे, चार ते एकोणतीस माणसांच्या आमच्यासारख्यांना ते ऐच्छिक आहे. लहान मालकांनी ऐच्छिक म्हणून ते टाळू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण वर्षभर मुलाचे काम डोळ्यांसमोर पाहून मग त्याला कायम करायचे की नाही हे ठरवण्याची अशी सोय दुसरी नाही.

मुले मिळणे हा वेगळा प्रश्न आहे. खानापूर तालुक्यातील मराठी घरांत मुलगा अंगापिंडाने धडधाकट असेल तर आधी सैन्यभरतीची तयारी होते, आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र याच शहरात असताना त्यात नवल नाही. गुण चांगले असतील तर वडिलांना इंजिनिअरिंगची पदवीच दिसते. दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाने पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, हे सांगितले की घरचे जरा ऐकू लागतात. जीटीटीसी या सरकारी टूल रूम व प्रशिक्षण केंद्राच्या टूल अँड डाय मेकिंगच्या (साचे व अवजारे बनवण्याच्या) डिप्लोमात तीन वर्षांच्या शिक्षणानंतर एक वर्ष कारखान्यातले प्रशिक्षण असते, आणि तो मुलगा आला की फिक्स्चरचे (जॉब पक्का धरून ठेवणाऱ्या साधनाचे) काम त्याच्याकडे निर्धास्त सोपवता येते.

शिकलेला मुलगा टिकत नाही, ही ओळखीच्या कारखानदारांची नेहमीची तक्रार आहे. ती खरी आहे. हत्तरगीचे एरोस्पेस उद्योग महामार्गावरच आहेत, कोल्हापूरची शिरोली आणि गोकुळ शिरगाव फार लांब नाहीत, आणि पुण्याचा पगार आम्हाला देता येत नाही. पण जो मुलगा तीन वर्षांत निघून जातो, त्याने त्या काळात नीट प्रोसेस शीट (कामाच्या पायऱ्यांचा कागद) लिहून ठेवलेली असते आणि पुढच्या पोराला ती वाचता येते; मिस्त्री निवृत्त झाले की त्यांच्या डोक्यातले मात्र त्यांच्याबरोबरच जाते. म्हणून सध्या आम्ही आयटीआयच्या मुलांना आमच्या जुन्या मिस्त्रींच्या जोडीला बसवून त्यांची सेटिंग्ज मराठीत आणि कन्नडमध्ये उतरवून घेत आहोत, कारण लाइनवर दोन्ही भाषांची माणसे आहेत. व्हॉल्व्ह बॉडीचे काम झाले असून पंप केसिंगचे चालू आहे.