वास नाही आला तरी

"दादा, वास तर काहीच येत नाही. औषध खरंच टाकलंत ना?" पेस्ट कंट्रोलच्या कामात हा प्रश्न घरोघरी ऐकतो. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ही वासाची सवय लावली डायक्लोरव्हॉस या जुन्या फवारणीच्या औषधानं. फवारा मारला की डोळे चुरचुरायचे, घर बंद करून शेजारी जाऊन बसावं लागायचं आणि परत आल्यावर लादीवर उताणी झुरळं दिसायची. पैसे वसूल! 31 डिसेंबर 2020 पासून ते औषध भारतात बंद झालं. बरंच झालं, कारण ते मारणाऱ्याच्या छातीतही जायचं.

आता झुरळांना जेल लावतो. मसुरीच्या दाण्याएवढे ठिपके, ट्रॉलीच्या बिजागरीमागे, फ्रिजच्या मोटरपाशी, सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथे. डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेलं छोटं तपकिरी जर्मन झुरळ अशाच फटींत राहतं. जेल खाऊन ते लगेच मरत नाही, आणि तेच आम्हाला हवं असतं. फटीत परत जाऊन मरतं, मग त्याची विष्ठा आणि मेलेलं अंग खाऊन पिल्लंही मरतात. मादी मात्र 30-40 अंड्यांची पिशवी पोटाशी घेऊन फिरते आणि त्या अंड्यांपर्यंत औषध पोचत नाही. त्यामुळे काही दिवसांनी बारीक पिल्लं दिसली, तर औषध नकली होतं असं समजू नका. दुसरी फेरी त्यांच्यासाठीच असते. तोवर जेल पुसू नका, त्यावर बाजारातला स्प्रे तर मुळीच मारू नका. स्प्रे पडलेल्या जेलकडे झुरळं फिरकत नाहीत.

ढेकणांच्या बाबतीत मात्र मला भीती वाटते. कंटाळलेली माणसं "कडक काहीतरी द्या" म्हणतात आणि कुणीतरी त्यांना अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या देतं. त्या धान्याच्या गोदामांसाठी आहेत, राहत्या घरासाठी नाहीत. हवेतल्या ओलाव्यानं त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो आणि फटींतून शेजारच्या खोलीतही जातो. त्यानं झोपेत लहान मुलं दगावली आहेत. अशी मागणी झाली की मी ते काम सोडून येतो.

वासावरून औषध ओळखायला जाऊ नका. आमच्याकडून मूळ डबा मागून घ्या. लेबलवरच्या चौकोनात रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. डबा दाखवायला जो टाळाटाळ करेल, त्याला दारातूनच परत पाठवा.