सर्वोत्तम वर्ष ठरवताना

गेल्या दिवाळीत धाराशिवला तुळजाभवानी स्टेडियमवर आम्ही जुने खेळाडू जमलो होतो. फराळाचे डबे उघडले, जुन्या गोष्टी निघाल्या आणि कुणीतरी विचारलं, आपल्या बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या खेळातलं सगळ्यात मोठं वर्ष कोणतं? अर्ध्या तासात आवाज चढले. ज्याला त्याला आपल्याच वेळचं वर्ष मोठं. शेवटी ठरलं, पाच जणांनी बसून एकदा याचा निकाल लावायचा आणि त्या वर्षीच्या खेळाडूंच्या नावांचा फलक करायचा. पाचांत खो-खोची म्हणून मला घेतलं. चार महिने लागले.

पहिली बैठक 'वर्ष' म्हणजे काय यातच गेली. आमच्या धाराशिवच्या सारिका काळेचंच घ्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खो पहिल्यांदा आला, ती भारताची कर्णधार होती आणि सुवर्ण घेऊन आली. अर्जुन पुरस्कार मिळाला २०२० मध्ये. मग वर्ष कोणतं धरायचं, पळालेलं की गौरवलेलं? आणि ती जर्सी तर देशाची. अविनाश साबळेचं तसंच. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकतो, आपला ऊर भरून येतो, पण तो घडला सैन्यात. सगळ्यांचा जीव या नावांत अडकला होता. तरी नियम केला: विद्यापीठाची जर्सी अंगावर असताना जे खेळलं, तेवढंच मोजायचं, आणि वर्ष जूनपासून धरायचं.

मग गुणांचा घोळ. परभणीचे सर ॲथलेटिक्सवाले. ते म्हणाले, सुवर्णाला ५, रौप्याला ३, कांस्याला १. मी विचारलं, "सर, शंभर, दोनशे आणि रिले जिंकणाऱ्या एका पोरीचे १५, आणि आमच्या बारा जणींच्या सुवर्णाचे ५?" त्यांनी मान्य केलं, सांघिक पदकाचे गुण तिप्पट झाले. तरी आकडे बसेनात. आता खेळांची यादी लांबली आहे. २०२० साली भुवनेश्वरला सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही आल्या. आमच्या वेळी आंतरविद्यापीठ स्पर्धांत आधी पश्चिम विभाग आणि मग अखिल भारतीय, एवढीच वाट होती. नुसती पदकं मोजली तर अलीकडची वर्षंच वर येणार.

कागद गोळा करणं तर विचारूच नका. एका महाविद्यालयात रजिस्टरं मागितली तर वाळवीने खाल्लेला गठ्ठा पुढे आला, पानं उचलायला गेले की हातात चुरा. मग आम्ही घरोघरी फोन लावले. लोकांनी प्रमाणपत्रांचे, कात्रणांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. एका ताईंनी साडीच्या घडीत ठेवलेलं प्रमाणपत्र काढून दाखवलं, त्यावर डांबराच्या गोळीचा डाग पडला होता.

त्या फोटोंमधूनच मला खरी अडचण दिसली. २३ ऑगस्ट १९५८ ला विद्यापीठ झालं ते अख्ख्या मराठवाड्याचं. १९९४ पर्यंत संघ निवडायचा तो या सगळ्यातून, शेवटी सात जिल्ह्यांतून. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं; नांदेड, परभणी, लातूर तिकडे गेले आणि आपल्याकडे चार जिल्हे राहिले. सातांतून निवडलेला संघ आणि चारांतून निवडलेला संघ एका तराजूत कसा तोलायचा? लातूरचे कबड्डीवाले दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मी आता कुठल्या विद्यापीठाचा?" ते खेळले तेव्हा इकडचे होते, त्यांच्या धाकट्या भावाचं प्रमाणपत्र तिकडचं. दोघं एकाच मैदानावर तयार झालेले.

म्हणून आम्ही दोन फलक ठरवले. नंतरच्या काळाचा गुणांवर होईल, त्याचं काम अजून चालू आहे. आधीच्या काळासाठी मी १९९३-९४ मांडलं. दादा आणि सर दोघंही विरोधात. त्या वर्षी पदकं कुठे होती, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. आमचाच संघ पश्चिम विभागात दुसऱ्या फेरीत हरला.

मी पेटीतून माझी दोन प्रमाणपत्रं नेली होती. एक डिसेंबर ९३ चं, वर 'मराठवाडा विद्यापीठ'. दुसरं मार्च ९४ चं, वर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ'. मधे १४ जानेवारीचा नामविस्तार. विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला होता २७ जुलै १९७८ ला. त्यासाठी गावोगावच्या माणसांनी काय सोसलं ते आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. आमच्या कर्णधाराने ते दुसरं प्रमाणपत्र हातात आल्यावर बाबासाहेबांच्या नावावरून सावकाश बोट फिरवलं, मग माझं घेतलं आणि त्यावरूनही फिरवलं.

आणि त्याच मोसमात भूकंप झाला. कॉलेजांच्या झोनच्या मॅचेस सप्टेंबरमध्ये झाल्या, विद्यापीठाच्या शिबिरासाठी नावं निघाली, त्यात सास्तूरजवळच्या गावची माझी मैत्रीण होती. तिच्यासारखी साखळी, म्हणजे बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी, पळणारी मी नंतर पाहिली नाही. आक्रमक हात टाकेपर्यंत ती दोन चौरस पुढे गेलेली असायची. ३० सप्टेंबरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं असताना सगळं खाली आलं. तिच्या घरची दोन माणसं गेली. शिबिराआधी कर्णधार आणि मी तिला भेटायला गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये ती चुलीपुढे बसली होती. ये म्हणायचं आमच्या तोंडून निघालंच नाही. निघताना तिने कॉलेजची निळी हाफपँट दिली, धुऊन, घडी घालून. "माझ्या जागी जी जाईल तिला दे," म्हणाली.

त्या वर्षी लातूर-उस्मानाबादकडची कितीतरी मुलं अशी घरं सोडून, सहा-सात तास एसटीने औरंगाबादला शिबिरांना आली. सात जिल्ह्यांची मुलं एका जर्सीत उतरली ती त्या मोसमात शेवटची. माझ्या लेखी यापेक्षा मोठं वर्ष नाही, आणि बैठकीत मी हे असंच सांगितलं.

मतदान तीन विरुद्ध दोन झालं. दादांनी आपला विरोध वहीत लिहून घ्यायला लावला, आणि तो त्यांचा हक्क होता. पदकाशिवाय मोठं वर्ष त्यांना पटत नाही. नव्या मुलांपुढे आपण कोणता आदर्श ठेवतोय, असं त्यांनी विचारलं. त्यावर आम्ही दोघं अजून भांडतो.

पण पुढचा प्रश्न मीच काढला. मैत्रीण निवडली गेली, खेळली मात्र नाही. खेळल्याशिवाय कलर, म्हणजे विद्यापीठाचा खेळाडू असल्याचा मान, मिळत नाही, हा नियम सगळ्यांना पाठ. तिचं नाव फलकावर घ्यायचं का? सरांनी दादांकडे पाहिलं. दादांनी माझ्या हातातला पेन घेतला आणि खो-खोच्या यादीत बाराव्या नावाखाली तेरावा आकडा टाकला. त्यावर मतदान झालं नाही.

ती आता सोलापूरला असते. फलक रंगवायला द्यायच्या आदल्या रात्री मी फोन केला. आधी ती काही बोललीच नाही, मग नातवंडांचं सांगत राहिली. शेवटी मी विचारलं, "नाव माहेरचं लिहू की सासरचं?"

"माहेरचंच लिही," ती म्हणाली. "आणि गावाचं नाव जुन्या गावाचं टाक."